झिवानभावजींनी कुंपण मागे घेतलं

झिवान सकाळपासून स्वतःचं कुंपण उपटत होता आणि शेजारची स्तोयांका खिडकीत कॉफी पीत ते बघत होती. बर्फाने खांब हलले या निमित्ताने हे कुंपण दर वसंतात बोटभर तिच्या अंगणात सरकायचं. बनात प्रांतातल्या भुसभुशीत मातीत त्याला कुणी अडवणारंही नव्हतं. सरकता सरकता त्याने तिचं अक्रोडाचं झाड गिळलं. मुलगी झाली त्या वर्षी नवऱ्याने, स्वेतोझारने, ते लावलं होतं. आता स्वेतोझारही नव्हता, आणि घरच्या संताच्या सणाला गव्हाच्या प्रसादात घालायचे अक्रोड तिला बाजारातून आणावे लागत. दर वर्षी ते निवडताना तिला रडू येई.

आज मात्र कुंपण उलटं चाललं होतं, ते गॅसच्या पिवळ्या पेटीमुळे. रस्त्याने पाइपलाइन आली तेव्हा दाब कमी करणाऱ्या पेटीसाठी हद्दीवर जागा हवी होती. भाडं मिळेल या आशेने झिवानने छाती ठोकली, "बसवा माझ्या अंगणात! ही पट्टी माझ्या आजोबांपासूनची!" भाडं काही मिळालं नाही. उलट काल सूचना लागली, की पेटीभोवती धोक्याचं क्षेत्र आखणार आणि त्यात उघडी आग बंद. झिवानची रकियाची, म्हणजे फळांच्या दारूची, भट्टी पेटीला जवळजवळ खेटून होती, आणि आलुबुखारे पिंपात आंबून तयार होते. डोकं खाजवून त्याने तोडगा काढला: पेटी जिच्या अंगणात, धोका तिचा!

स्तोयांकाने आखणी करणाऱ्या तियाना इंजिनिअरला कालच गाठलं होतं. पोरगी म्हणाली होती, "आजी, आम्ही पेटीच्या नळीच्या तोंडापासून मोजतो. कुंपण आम्हाला दिसतच नाही."

ते पोटात ठेवून स्तोयांका बाहेर आली. "अहो भावजी, हे काय आरंभलंय?"

"न्याय, वहिनी! ज्याचं त्याला द्यावं माणसानं."

"नको हो बाई! माझी मिरच्या भाजायची चूल बंद पडेल. ठेवा तुमची पट्टी तुम्हालाच."

चूल पार विहिरीपाशी होती, पण झिवानला तेवढं बघायला फुरसत कुठे?

"माझी? छे! स्वेतोझारची जमीन ही."

"बरं, निदान झाड तरी घ्या."

"झाडही तुमचं! मुळासकट!"

एव्हाना गल्ली जमली होती. सायकलवरून चाललेले पाद्रीबाबाही थांबले.

"तुमचा काय भरवसा?" स्तोयांका म्हणाली. "आज सोडाल, उद्या परत सरकाल."

झिवान पेटला. "घरच्या संत निकोलाची शपथ! ही पट्टी माझी नव्हती, नाही, होणार नाही!"

इथला माणूस एक वेळ बायकोची खोटी शपथ घेईल, पण घरच्या संताची नाही.

शेवटचा खांब ठोकून होतोय तोच तियाना आली. तिने नळीच्या तोंडाला टेप लावली आणि रंगाने वर्तुळ काढत निघाली. स्तोयांकाच्या बाजूला कोबीचे चार गड्डे तेवढे वर्तुळात आले. मग ती कुंपण ओलांडून झिवानकडे शिरली.

"अगं ए पोरी! कुंपण! कुंपण!"

"काका, गॅस काय कुंपण बघून थांबतो?" म्हणत तिने भट्टी वर्तुळात घेतली. "इथे आग पेटवायची नाही."

"मग मी कुंपण कशाला हलवलं?"

"ते मी कसं सांगू?"

झिवानने खांबांकडे बघितलं, मग पाद्रीबाबांकडे.

"निकोला ऐकतोय हो, झिवान," पाद्रीबाबा म्हणाले.

स्तोयांकाला नाचावंसं वाटत होतं. पण पिंपातल्या आंबलेल्या आलुबुखाऱ्यांचा वास आला आणि तिला राहवलं नाही. "भट्टी आणा माझ्या विहिरीपाशी. फक्त येताना फाटकातून या, कुंपणातून नको."

नोव्हेंबरात तिच्या घरचा सण आला. रिवाजाप्रमाणे झिवान न बोलावता आला आणि उभ्यानेच प्रसादाचा चमचा तोंडात घातला. भिंतीवर स्वेतोझारचा फोटो होता. स्तोयांकाने आधी त्याच्याकडे बघितलं, मग विचारलं, "कसे झालेत अक्रोड?"

झिवानने बराच वेळ चावले. "गोड आहेत वहिनी. शपथ!"

"पुरे हो भावजी," त्याचीच रकिया त्याच्या पेल्यात ओतत ती म्हणाली, "आणखी शपथा नकोत. आता द्यायला तुमच्याकडे घरच उरलंय."