मस्कतच्या दर्याला रत्नागिरीचा नारळ

बेटांच्या बाबतीत माझ्याशी कुणी पैज लावू नये! आत्ताच सांगून ठेवते, अख्ख्या संगमेश्वर तालुक्यात माझ्याएवढी बेटं पायाखाली घातलेली बाई शोधून मिळायची नाही. पक्ष्यांचं बेट बघितलं, कासवांचं बेट बघितलं, एक बेट तर इतकं लहान की आम्ही दोघं टेकलो आणि बेट संपलं! आणि हे सगळं कुठे? मस्कतला! दर शुक्रवारी!

खरं म्हणजे माझा आणि समुद्राचा संबंध काय? आमचं गाव संगमेश्वरापासून आत, डोंगराच्या कुशीत. भात, नाचणी आणि नदीचे मासे, एवढंच आमचं जग. लग्नाचा बस्ता बांधायला रत्नागिरीला आले तेव्हा पहिल्यांदा समुद्र बघितला आणि घाबरून वडिलांचा, आप्पांचा हात धरला. पुण्या-मुंबईच्या लोकांना वाटतं, रत्नागिरी जिल्ह्यातलं माणूस म्हणजे पोहतच जन्माला येतं. तसं काही नसतं हो!

आमचे हे, म्हणजे महिपत, मिरजोळ्याच्या एमआयडीसीत फिटर होते. तिथून मस्कतला एका कंपनीत लागले. पुढे कित्येक वर्षं नवरा म्हणजे वर्षातून एकदा महिनाभर येणारा पाहुणा! आला की बॅग उघडायची, गेला की रडायचं. मग एकदाची यांना बढती मिळाली, बायकोला न्यायची परवानगी मिळाली आणि मी विमानात बसले. इतक्या वर्षांचं राहिलेलं फिरणं आम्ही दोघांनी त्या बेटांवर वसूल करायला घेतलं. खोटं कशाला सांगू, मी इतकी खूश आयुष्यात कधीच नव्हते.

सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यात आम्ही रजेवर गावी आलो. पडवीत सगळा गोतावळा जमला आणि मी पिशवीतून बेटांचे फोटो बाहेर काढले. सासूबाई, सोनूबाई त्यांचं नाव, एकेक फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघत होत्या.

"काय गो विमल, ह्या बेटार जातांव कशी?"

"लाँचनं, आई! भर समुद्रातून!"

"नि दर्याला नारल कदी दिलाव?"

"नारळ? नाही बा."

सासूबाईंनी फोटो खाली ठेवला. सुकी मासळी विकायला येणारी सखू खारवीण त्यांची जिवाभावाची मैत्रीण. दर्याच्या रीतीभाती सगळ्या तिच्याकडून ऐकलेल्या. नारळी पुनवेला नारळ दिल्याशिवाय खारवी होडी पाण्यात घालत नाहीत, आणि आपली सून दर शुक्रवारी फुकटात समुद्र तुडवत्येय! त्यांना घामच फुटला.

"आई, मस्कतचा दर्या वेगळा," हे हसत म्हणाले.

"दर्या काय ठिगलाठिगलाचा आसतो काय रं? सगला येकच!"

दहावी पास झालेली मीसुद्धा यावर मान डोलावून बसले. निघताना सासूबाईंनी परसातल्या माडाचा असोला नारळ, म्हणजे सालासकटचा अख्खा, माझ्या पिशवीत घातला. "पुनवेला सोड. नि काय मागायचा ता माग," म्हणाल्या. मुंबईच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं तो कानाशी धरून हलवून बघितला. मी म्हटलं, "पाणी आहे आत, साहेब." तो म्हणाला, "कळतंय."

ऑगस्ट उजाडला. आणि नेमका त्याच वेळी यांचा करार संपत आला! वाढला तर दोघं मस्कतला. नाही वाढला तर हे मुंबईत कुठेतरी दहाजणांच्या खोलीत आणि मी पुन्हा गावी, पाहुण्याची वाट बघत. सगळं हॉब्सनसाहेबांच्या हातात. हा यांचा इंग्रज साहेब तसा भला माणूस, पण कुणी आपल्याला हसलं की त्याचा तोल जायचा.

एक दिवस हे धावतच घरी आले. "विमल, साहेबांनी शुक्रवारी सहलीला बोलावलंय! बेटावर! म्हणाले, कराराचं तिथेच निवांत बोलू!"

मी कॅलेंडर बघितलं आणि माझ्या अंगावर काटा आला. नारळी पुनवेच्या जवळचाच शुक्रवार! दर्यानंच बोलावणं धाडलं होतं!

"नारळबिरळ काही आणायचा नाही हं," हे म्हणाले. "साहेबांसमोर शोभा नको."

"छे हो! मी काय वेडी आहे?" मी म्हटलं आणि नारळ पिशवीच्या तळाशी घातला.

नारळाला सोनेरी कागद लावतात एवढं मला ठाऊक होतं. सोनेरी कुठला मिळायला? पोळ्या गुंडाळायचा चांदीचा कागद होता, तोच गच्च गुंडाळला. काय सुरेख दिसत होता! नवऱ्यामुलासारखा!

ऑगस्टातलं मस्कत म्हणजे भट्टी, पण इंग्रजाला ऊन म्हणजे पक्वान्न. बेटावर चार लाँचा भरून लोक आलेले. साहेब आणि मडम तेल चोपडून वाळूत पडले. गप्पा काय? तर सुरुंगांच्या! त्या दिवसांत आखातात इराण-इराकची लढाई चालली होती आणि कुणीतरी समुद्रात सुरुंग सोडले होते. साहेब रोज रेडिओ ऐकायचे. दुर्बीण तर गळ्यातच!

"करार..." यांनी दोनदा विषय काढला.

"जेवल्यावर," साहेब म्हणाले आणि डोळे मिटले.

मी पिशवी उचलली आणि खडकांच्या मागे गेले. हे मागोमाग आलेच. नारळ बघून कपाळावर हात मारला.

"विमल! तू कबूल केलं होतंस!"

"आईंनी दिलाय. परत नेऊ?"

हे विरघळले. आईचं नाव काढलं की हे नेहमीच विरघळतात. "मग सोड लवकर! आणि नीट सोड, नुसता फेकू नको!"

नीट म्हणजे उदबत्ती हवी. ती मी आणलीच होती, पण वारा असा की हातात टिकेना. मग यांनीच फिटरचं डोकं चालवलं. कागदातून आरपार, नारळाच्या सालात चारी बाजूंनी उदबत्त्या खुपसल्या, ओंजळीचा आडोसा करून पेटवल्या. मी हात जोडले. "दर्याराजा, यांचा करार वाढू दे. मला परत एकटीला गावी पाठवू नको रे बाबा!" डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. नारळ डुलत डुलत निघाला. आम्ही साळसूदपणे परत येऊन सँडविच खायला बसलो.

तेवढ्यात पोहायला गेलेली मडम किंचाळली.

साहेब ताडकन उठले. दुर्बीण लावली. चेहरा पांढराफटक!

"सुरुंग! गोल! चकाकतोय! काटे आहेत त्याला! आणि... देवा रे, धूर येतोय!"

झालं! पाण्यातली सगळी माणसं बाहेर, पोरं काखोटीला, छत्र्या उलट्यापालट्या! लाँचवाल्यानं वायरलेसवरून निरोप धाडला आणि स्वतः लाँचमधून उडी मारली. आणि आम्ही? आम्हीही धावलो! देवाशपथ सांगते, डोक्यात काही आलंच नाही! मी तर सगळ्यांत पुढे, निऱ्या हातात धरून, "पळा पळा, सुरुंग आला!" असं मराठीत ओरडत वाळूच्या टेकाडावर पोचले. तिथे बसून रामरक्षासुद्धा सुरू केली.

साहेबांनी दुर्बीण यांच्या हातात दिली. "महिपत, तू यंत्रातला माणूस. बघ, कुठल्या जातीचा वाटतो?"

यांनी दुर्बीण लावली. बघितलं. पुन्हा बघितलं. मग हळूच माझ्याजवळ सरकले.

"विमल... आपला आहे."

"कोण आपला?"

"नारळ!"

माझी रामरक्षा अर्ध्यावरच राहिली.

"सांगून टाका साहेबांना!" मी कुजबुजले.

"थांब जरा, बोलायला संधी बघतो," हे म्हणाले. पण संधी येते कुठली! चारी लाँचांतले लोक येऊन साहेबांचा हात हातात घेत होते. "तुम्ही बघितलंत म्हणून आम्ही वाचलो!" मडम नवऱ्याचं कपाळ पुसत होती. साहेबांची छाती इतकी फुगली होती की त्यांनी चहाचा पेलाही दुसऱ्याला धरायला दिला. अशा माणसाला यांनी जाऊन सांगायचं, साहेब, तो माझ्या आईच्या परसातला नारळ आहे? करार गेलाच म्हणून समजा!

"गप्प बस," हे म्हणाले. "ओला होऊन आपोआप विझेल. वाहून जाईल."

पण तेव्हा भरती होती! नारळ वाहून जायचं सोडून परत आमच्याकडेच यायला लागला! तो जवळ आला की सगळे मागे, लाट त्याला ओढून नेई की सगळे पुढे! मी मनात म्हणत होते, जा रे बाबा, जा! कधी कुणी देवाला दिलेला नारळ परत येतो का?

मग भोंगा वाजवत गस्तीची बोट आली. तिच्यात बंदूकवाले शिपाई आणि एक दाढीवाला रुबाबदार अधिकारी. लांबूनच गोळ्या सुरू! पहिली पाण्यात, दुसरी पाण्यात. नारळाला काही गोळी लागेना. माझं मन मात्र दोन्हीकडे ओढलं जात होतं. लागावी तर सुटलो! आणि लागू नये, कारण सासूबाईंनी दिलेल्या नारळावर गोळ्या झाडताहेत हो!

फट्!

लागली! सगळ्यांनी कान झाकले, डोळे मिटले. स्फोट काही होईना. एकेक डोळा उघडला. लाटेनं दोन भकलं वाळूत आणून टाकली. अधिकारी काठी घेऊन पुढे झाला, मागे छाती काढून साहेब, त्यांच्या मागे सगळं बेट. अधिकाऱ्यानं काठीनं भकल उलटं केलं. आत पांढरंशुभ्र खोबरं!

आता आमच्याकडे नारळ फुटला की पहिली गोष्ट काय बघतात? नासका निघाला की चांगला! देवळात असो नाहीतर नव्या पंपावर, फुटला की सगळ्यांचे डोळे आत. हे काही शिकवावं लागत नाही, रक्तातच असतं. माझ्या तोंडातून निघूनच गेलं!

"अगो बाय! चांगला निघाला!"

यांनी मला चिमटा काढला, पण आता कुठलं थांबतेय! दर्यानं माझं ऐकलं, एवढंच मला कळत होतं. मी पुढे होऊन भकलं उचलली, कपाळाला लावली. मडमेच्या टोपलीतून केक कापायची सुरी घेतली, चहाच्या डब्यातली साखर घेतली, भराभर तुकडे केले आणि वाटायला लागले! मान मोठ्याचा म्हणून पहिला तुकडा अधिकाऱ्याला. त्यानं बावचळून दोन्ही हातांत घेतला. दुसरा साहेबांना. तिसरा हातात घेतला तेव्हा मला जाणवलं, अख्खं बेट माझ्याकडे बघतंय.

"हे कुठून आलं?" अधिकाऱ्यानं विचारलं.

यांनी मान खाली घातली. "रत्नागिरीहून, साहेब."

"हा कुठला देश? कुणाच्या बाजूनं लढतोय?"

मग यांनी सगळं सांगितलं. आई, नारळी पुनव, उदबत्त्या, पोळ्यांचा कागद, सगळं! अधिकारी ऐकता ऐकता खोबरं चघळत होता. आधी त्याची दाढी हलली, मग खांदे हलले, आणि मग तो असा हसायला लागला की मटकन वाळूतच बसला. शिपाई हसले, चारी लाँचा हसल्या, मडमसुद्धा हसली! एकटे हॉब्सनसाहेब हातात प्रसाद घेऊन रातांब्यासारखे लाल होऊन उभे होते. परतताना लाँचमध्ये ते सगळ्यांकडे पाठ करून बसले. जेवण झालं होतं, पण कराराचं कोण काढणार?

त्या रात्री मी बॅग भरायला घेतली. हे म्हणाले, "राहू दे गो, उद्या बघू." मी म्हटलं, "उद्या तुम्ही जवळ असाल, परवाचं काय?" आणि साड्यांच्या घड्या घालत राहिले.

दुसऱ्या दिवशी हे ऑफिसातून आले. चेहऱ्यावरून काही कळेना.

"वाढला," म्हणाले.

"काय?"

"करार! तीन वर्षं! फॅमिलीसकट! साहेब म्हणाले, फिटर म्हणून तुझ्यासारखा दुसरा नाही."

मी स्वयंपाकघरात फुगडीच घातली, एकटीनंच! मग बघते तर हे अजून दारातच उभे.

"आता काय झालं?"

"कामाची जागा बदलली. आत, वाळवंटात. तेलाच्या पंपांच्या कँपवर."

"बरं मग? समुद्र किती लांब तिथून?"

"रत्नागिरीहून सोलापूर गाठशील, तेवढा! साहेबांनी म्हणे नकाशा मागवून मुद्दाम शोधून काढलं, पाण्यापासून सगळ्यात लांबची जागा कुठली."

तर मंडळी, ती तीन वर्षं आम्ही दोघं तिथे राहिलो. एकत्र राहिलो, दर्यानं शब्द पाळला, माझी काही तक्रार नाही. शुक्रवारची सवय तेवढी सुटली नाही. संध्याकाळी छत्री, चटई, सँडविच घेऊन आम्ही कँपाबाहेर जायचो आणि वाळूत बसायचो. चारी बाजूंना क्षितिजापर्यंत नुसती वाळू! येणारे-जाणारे थांबून विचारायचे, "इथे काय करताय?"

मी सांगायची, "काही नाही हो, जरा ओहोटी लागलीय!"