मानद शाखा-निरीक्षक

आमच्या नातीचं, काव्याचं, लग्न अक्कलकोटला झालं ते २०२३ साल. लग्न उरकून आम्ही सोलापूरला परत आलो, तोवर भवानी पेठेतल्या आमच्या बोळात दोन गोष्टी घडून गेल्या होत्या. कडुलिंबाची एक मोठी फांदी वाळली होती आणि बोळाच्या तोंडाला एक फलक लागला होता.

आधी फांदीचं सांगतो. बोळात झाड ते एकच आणि त्याच्याखाली शेजारच्या चांदसाब नदाफची बाज. चांदसाबनं सगळा जन्म टेम्पो चालवला. आता चार पावलं चालला की छाती भरून यायची. घरावर पत्रा. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली भाकरी ठेवली तर ती पुन्हा भाजली जाईल. डॉक्टरनं बजावलं होतं, दिवसा सावलीत बसा, नाहीतर माझ्याकडं येऊ नका. म्हणून सकाळी बाज लिंबाखाली यायची आणि दिवस मावळला की आत जायची. वाळलेली फांदी बरोबर बाजेच्या वर होती, मांडीएवढी जाड.

"बाज जरा बाजूला घे की," मी म्हटलं.

"घेतो की, बसू," तो म्हणाला; मला तो बसूच म्हणायचा. "पण सावलीला पण सांग, माझ्यासंगं सरक म्हणून."

आता फलक. 'सुरक्षित वृक्ष, निरोगी वसाहत अभियान. आपल्या दारातील झाडांची तज्ज्ञांमार्फत शास्त्रशुद्ध छाटणी. एक फोन करा. स्वतः फांदी तोडणे दंडनीय आहे.' मी अक्षरं उतारवयात शिकलो, त्यामुळं शब्दाला शब्द जुळवत शेवटपर्यंत वाचतो. बोळातली बाकीची मंडळी चांगली शिकलेली. ती पहिल्या ओळीवर खूश होऊन पुढं निघून गेली होती. शेवटची ओळ मी चांदसाबला मोठ्यानं वाचून दाखवली, तेव्हा त्यानं हातातली कुऱ्हाड खाली ठेवली आणि फोन लावला.

तज्ज्ञ आला. त्याचं नाव नंदीश. डोक्यावर हेल्मेट, अंगात नारिंगी जाकीट, हातात टॅब. त्यानं झाडाच्या बुंध्याला एक यंत्र लावलं आणि बराच वेळ डोळे मिटून उभा राहिला.

"काय म्हणतंय?" चांदसाबनं विचारलं. "बीपी हाय काय त्याला?"

"झाडाची प्रकृती उत्तम आहे," नंदीश म्हणाला. "अडचण तीच आहे. पानं भरपूर आहेत. पानांत वारा अडतो, वारा अडला की झाडावर ताण येतो. या सगळ्या हिरव्या फांद्या अतिधोकादायक गटात जातात."

"आन् ही वाळलेली?"

नंदीशनं वर पाहिलं. "तिला पानंच नाहीत. वारा आरपार जातो. ती पूर्ण सुरक्षित आहे."

"सायेब, ती मेली हाय."

"तेच म्हणतोय मी. मेलेली फांदी वृक्षाच्या व्याख्येत बसत नाही. आम्ही फक्त वृक्ष छाटतो."

एवढ्यात समोरच्या घरातला शिवयोगी बाहेर आला. त्यानं नुकतीच पांढरी गाडी घेतली होती. त्यानं अत्यंत गंभीरपणे सांगितलं की लिंबोळ्या आणि कावळे या दोन कारणांनी गाडीचा रंग धोक्यात आहे. नंदीशनं टॅबवर काहीतरी दाबलं. मग एकेक जण पुढं आला. कुणाच्या टीव्हीच्या छत्रीला फांदी आडवी येत होती. कुणाच्या दुकानाची पाटी झाकली जात होती. माझी बायको रत्नम्मा म्हणाली, गच्चीवरच्या कुरडयांवर नेमकी दुपारी सावली येते. ज्यानं त्यानं आपापल्या फांदीकडं बोट दाखवलं. शास्त्रशुद्ध छाटणीत रहिवाशांचा सहभाग असावा असं अभियानाचं धोरणच होतं.

संध्याकाळपर्यंत दोन ट्रॉली हिरवा पाला गेला. झाडाला राहिली एकच फांदी, वाळलेली. नंदीशनं छाटणीपूर्वीचा आणि छाटणीनंतरचा फोटो काढला. छाटणीनंतरच्या फोटोत शिवयोगीची गाडी फार चांगली दिसते.

दुसऱ्या दिवशी रत्नम्मा गच्चीवरून ओरडली, "अय्यो, किती लख्ख ऊन आलंय. कुरडया संध्याकाळच्या आत खडखडीत होतील."

"वैनी, मला पण त्या ताटात घ्या," खालून चांदसाब म्हणाला. "कुरडयांसंगं मी पण वाळंन."

मग ती वाळलेली फांदी काढून मागायला तो महापालिकेच्या कार्यालयांत गेला. मीही बरोबर गेलो, कारण वाटेत त्याला दोन-तीन ठिकाणी बसावं लागायचं.

पहिल्यांदा घनकचरा विभाग. तिथल्या कारकुनानं शांतपणे ऐकून घेतलं. "वाळलेलं लाकूड आमच्याकडं येतं, बरोबर आहे. पण जमिनीवर पडल्याशिवाय तो कचरा होत नाही. पडली की कळवा."

"आन् माझ्या डोक्यावर पडली तर?"

कारकून विचारात पडला. त्यानं शेजारच्याला विचारलं. मग म्हणाला, "चालेल. पण मग डोकं जमिनीला टेकलेलं पाहिजे."

तिथून आपत्ती कक्ष. तिथल्या अंकिता मॅडम फार समजूतदार होत्या. त्यांनी आम्हाला पाणी दिलं. म्हणाल्या, "काका, नीट समजून घ्या. फांदी वर आहे तोवर ती नुसती शक्यता आहे. खाली आली की कचरा. आपत्ती असते ती मधल्या वेळात. फांदी पडत असताना तुम्ही फोन करा, आमची गाडी ताबडतोब निघेल."

"पडायला कितीसा वेळ लागतोय, बाई?"

"म्हणूनच तिथं कायम लक्ष ठेवणारा माणूस हवा," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

अशा रीतीनं चांदसाबची मानद शाखा-निरीक्षक म्हणून नेमणूक झाली. काळं हेल्मेट, एक शिट्टी आणि गळ्यात घालायचं फोटोचं ओळखपत्र. काम सोपं होतं. दिवसभर फांदी नजरेसमोर राहील अशा जागी बसायचं. फांदी पूर्ण दिसते ती तिच्या खालूनच, म्हणून तिच्याच खाली बसायचं. कार्यालय उघडं असेपर्यंत जागा सोडायची नाही.

बोळात पोचल्यावर त्यानं शिट्टी वाजवून पाहिली. "बसू, जन्मभर पोलिसांनी शिट्टी मारली की मी गाडी बाजूला घेतली. आता शिट्टी माझ्याकडं हाय."

मीही हसलो. त्याला एवढा खुशीत मी बऱ्याच दिवसांनी पाहत होतो.

मे महिना चढत गेला. झाडाला आता सावली म्हणजे त्या एका फांदीची, फळीएवढी रुंद. चांदसाब एका कुशीवर झाला तर तीत मावायचा. सावली सरकली की तो उठून बाज ओढायचा, धापा टाकायचा आणि पुन्हा कुशीवर व्हायचा. मी आपली जुनी चादर आणून चार बांबूंवर बांधली. दुसऱ्या दिवशी नंदीश पाहणीला आला आणि त्यानं ती सोडायला लावली. चादरीमुळं फांदी दिसत नव्हती. निरीक्षणात अडथळा येत होता.

चांदसाबची बायको माजिदा दारात उभी राहून सांगायची, "अजी, आत या. पत्रा असू द्या, पंखा तरी हाय."

"लाइट कुटं हाय?"

"येईल की. या तुमी."

"मी आत आलो आन् तेवढ्यात पडली तर? खाली लेकरं खेळत्यात."

"मग तोडून टाका ती मेली एकदाची."

"तोडणं गुन्हा हाय. बसूनं वाचलंय."

माजिदाभाभी माझ्याकडं पाहायच्या. फलकावर तसं लिहिलेलं होतं, हे खरंच होतं. मी घरात जायचो.

महिनाअखेर अभियानाचा निकाल लागला. आमच्या बोळाला 'आदर्श सुरक्षित बोळ' हा पुरस्कार मिळाला. कारण स्पष्ट होतं. झाडावर धोकादायक असं काही उरलंच नव्हतं. कार्यक्रमासाठी मांडव घातला, दोन मोठे कूलर आणले. मांडवाची एक दोरी लिंबाच्याच बुंध्याला बांधली. पण मांडव फांदीच्या खाली काही नेला नाही.

"अजून दहा फूट घ्या की, चांदसाब पण आत येईल," मी नंदीशला म्हटलं.

"तिथं फांदी आहे. प्रमुख पाहुण्यांना धोका आहे."

"तुम्हीच सुरक्षित म्हणाला होता की."

"झाडाला सुरक्षित आहे, काका. पाहुण्यांना नाही."

हे मात्र पटण्यासारखं होतं. बोळातले सगळे मांडवात बसलो. रत्नम्मानं नव्या कुरडया तळून आणल्या होत्या. बाहेर ऊन असं होतं की शिवयोगीच्या पांढऱ्या गाडीकडं बघवत नव्हतं. तिच्या पलीकडं चांदसाब बाजेवर कुशीवर पडला होता, डोक्यात हेल्मेट, गळ्यात ओळखपत्र. माजिदाभाभी त्याच्यासाठी पंचा भिजवायला आत गेल्या होत्या.

पाहुण्यांनी झाडांच्या सावलीवर सुंदर भाषण केलं. झाड स्वतः उन्हात उभं राहतं आणि दुसऱ्याला सावली देतं, असं ते म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग शाल आणि नारळ घेण्यासाठी मानद शाखा-निरीक्षकांचं नाव पुकारलं गेलं. चांदसाब उठला नाही. पुन्हा पुकारलं. तो हलला नाही.

नंदीशनं माइक हातात घेतला. "बघा," तो भरल्या गळ्यानं म्हणाला, "सत्काराला बोलावलं तरी माणूस जागा सोडत नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. त्या चालू असतानाच माजिदाभाभी ओला पंचा घेऊन बाहेर आल्या.

मी आपत्ती कक्षाला फोन केला. अंकिता मॅडमनी विचारलं, "फांदी पडत आहे का?" मी म्हटलं, नाही, माणूस गेला. "अरेरे," त्या म्हणाल्या. "पण मग हा आमचा विषय नाही, काका." पंचनामा व्यवस्थित झाला. हेल्मेटला ओरखडासुद्धा नव्हता. फांदीचा मयताशी कुठलाही संपर्क आलेला नाही असं मोजून सिद्ध झालं. अभियानाच्या अहवालात वृक्षामुळे झालेली जीवितहानी या रकान्यात 'निरंक' असं आहे. मी तोही शेवटपर्यंत वाचला.

फांदी अजून आहे. निरीक्षकाची जागा रिकामी आहे.

तुम्हाला नंदीशचा राग आला असेल. मलाही आला होता, म्हणून मी त्याला बोळाच्या तोंडाशी गाठला. तो म्हणाला, "काका, आम्ही आपण होऊन कुठंच जात नाही. लोक फोन करतात तेव्हा जातो. या उन्हाळ्यात अख्ख्या शहरातून फोन आले. वाळलेल्या फांदीसाठी एकच होता, तुमच्या चांदसाबचा. बाकीचे सगळे गाडीवर पानं पडतात म्हणून." नावं त्यानं सांगितली नाहीत. तुमचा कुठला होता, ते तुम्हाला ठाऊक असेल.

चांदसाब महंमद नदाफ मंगळवारी, ३० मेला, दुपारी ऊन लागून वारला.