अडीच सिस्टर

नियोजन विभागाने सर्व बाबींचा साकल्याने विचार करून रुग्णालयातील प्रत्येक वॉर्डाला दर पाळीसाठी अडीच सिस्टर मंजूर केल्या. ठराव एकमताने झाला, कारण बैठकीला सिस्टर एकही नव्हती. आता या आकड्यातून हाडामांसाच्या बायकांच्या ड्यूट्या लावायच्या, एवढंच किरकोळ काम वॉर्डाच्या इन्चार्जबाईंकडे उरलं.

दोन नावं त्यांनी पटकन भरली. मग नियोजन साहेबांना फोन लावला.

"साहेब, अर्धी कुठून आणू?"

"बाई, तुम्ही माणसांचा विचार करताय. मनुष्यबळाचा करा."

तेवढ्यात धाकटी सिस्टर गुरुवारची सुट्टी मागायला आली. तिच्या आईचं ऑपरेशन होतं, याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. सोबत नातेवाईक असल्याशिवाय पेशंटला आत घेत नसत आणि आईला हिच्याशिवाय कोणी नव्हतं.

"ताई, एवढा एक दिवस द्या ना. आई फार घाबरलीये."

इन्चार्जबाईंचा चेहरा उजळला. धाकटीला अर्धी सुट्टी मिळाली. अर्धा दिवस नव्हे हं. तसं केलं तर उरलेल्या पाळीत दोनच सिस्टर राहतात आणि नियमभंग होतो. सुट्टी दिवसभर, पण अर्ध्या सिस्टरला.

"म्हणजे मी नक्की असायचं कुठे?"

"दोन्हीकडे. निम्मी निम्मी."

पगारासाठी ती रजेवर आणि जबाबदारीसाठी हजर, असा खुलासा साहेबांनी आपणहून केला.

गुरुवारी धाकटी जिन्यातच राबली. खाली सलाइन लावतेय तोवर वरून निरोप यायचा. वर आईचा हात धरतेय तोवर खालची घंटा. आईच म्हणाली, "जा गं बाई, तुला बोलावतायत." ती गेली, आणि नेमकं तेव्हाच आईचं नाव पुकारलं. नियमात नातेवाईक पूर्ण हवा होता. ऑपरेशन पुढे ढकललं. कधीपर्यंत, ते कोणी सांगेना. धाकटी जिन्यात बसून रडली. कुणालाही रडू यावं असंच ते होतं.

ती घंटा वाजवली होती एका पेशंटच्या मुलाने. वडिलांची उशी जरा वर सरकवायची होती. त्याचे हात धडधाकट होते, पण दोन्ही मोबाइलवर गुंतलेले. सिस्टर येईपर्यंत त्याने तिथूनच तक्रार टाकली: 'सिस्टर जागेवर सापडतच नाहीत. यांना कामच नको असतं.'

संध्याकाळपर्यंत शेकडो सज्जनांनी त्याला लाइकचा अंगठा देऊन दुजोरा दिला. बघा जरा आठवून, त्यात तुमचाही असेल.