चौदाला चौदा

खरं कुणाला वाटायचं नाही, पण आमच्या जावईबापूंनी एका दुपारात सासऱ्यांच्या गरीब गाडीचा खाली मान घालून शिंगं रोखणारा बैल करून दाखवला! आणि वर दोष कुणाला? टायर बनवणाऱ्याला!

मामला नाजूक होता. सासरे, म्हणजे अण्णा, गाडी चालवणं सोडणार होते. ती जावयाला द्यायची की मुलाला, हे त्याच संध्याकाळी ठरायचं होतं. जावईबापूंनी बेत केला, मागचे गुळगुळीत टायर बदलून म्हाताऱ्याला खूश करून टाकायचं! बायकोला आणि मेहुण्याला घेऊन ते दुकानात गेले, आणि तिथल्या एका जाडजूड, दणकट जोडीवर त्यांचा जीव जडला.

"भावोजी, हे जीपचे दिसतात," मेहुणा म्हणाला. "जुना टायर शेजारी उभा करून बघा तरी!"

"मला शिकवतोस? याच्यावर चौदा, त्याच्यावर चौदा. चौदाला चौदा जुळले!"

"अहो, ते आतल्या रिमचं माप. बाहेरची उंची..."

"रिमवर बसला म्हणजे बसला! टोपी डोक्याला बसली की झालं, तिचा गोंडा कोण मोजतो?"

टायर चढले. गाडीचं मागचं अंग असं वर आलं, की जणू ती रस्त्यात पडलेली टिकली शोधतेय! बायको मागं बसली मात्र, चाकाजवळून घर्रर्र आवाज सुरू झाला. पाठोपाठ जळक्या रबराचा वास.

"अहो, काहीतरी घासतंय!"

"घासणारच! जरा मधे सरक. सगळा भार एका अंगाला टाकतेस!"

"माझा भार? याच सीटवरून लोखंडी कपाट आणलंत, तेव्हा गाडीनं हूं की चूं केलं नव्हतं!"

"कपाट बडबडत नव्हतं!"

ती तिथंच उतरली, दार दाणकन आपटलं आणि पायी माहेरी निघाली. गाडी दर खड्ड्याला कण्हत, थांबत निघाली. बायको आधी पोचली!

फाटकाशी अण्णा उभे होते. "हे काय? गाडी कुणाच्या पाया पडतेय?"

जावईबापू फणफणत उतरले. "अन्याय आहे, अण्णा! एका कारखान्याचा चौदा उंच, दुसऱ्याचा बुटका, आणि बोल मात्र मला! या लोकांना कोर्टात खेचलं पाहिजे! पण मी डगमगलो नाही. उलट फायदा बघा. मागून उंच, म्हणजे गाडी सदा उतारावर! दुकानापासून इथवर इंजिन बंद ठेवून आलो. पेट्रोलचा थेंब जळला असेल तर शपथ!"

मेहुण्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याचे खांदे गदागदा हलत होते.

अण्णा पुढं झाले. कौतुकानं पाठ थोपटावी तसा त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

"इंजिन बंद होतं ना, जावईबापू? मग हे काय, लाजेनं तापलं? आणा ती किल्ली!"