तुटल्या स्पार्क प्लगाची मोहीम

श्रीविश्वकर्म्याचे कृपेकरोन, पान्याहातोड्यांस नमन करोन, शके एकोणीसशें चौरेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सर, कार्तिक शुद्ध पंचमी, ते दिवसाची हकीकत लिहितों ऐसी जे: एक राज्य होतें. दोन खोल्या आणि पुढें ओटा, येवढाच मुलूख. तेथें दिगंबरराव महाराज राज्य करीत, आणि राणीसाहेब कावेरीबाई खजिना, मुदपाकखाना आणि महाराजांच्या गोळ्या संभाळीत. राज्याचें वाहन म्हणावें तर एक स्कूटर, वयानें थोरली, आवाजानें त्याहून थोरली. दर गुरुवारीं महाराज पुढें आणि राणीसाहेब मागें पिशव्या घेवोन बसत आणि स्वारी बाजारास निघे, आणि उभयतांचें सुखदुःखाचें बोलणें व्हावयाचें तें या स्वारींतच, कारण घरीं महाराज वर्तमानपत्रांत तोंड घालोन बसत.

ते दिवशीं स्कूटर चालू होईना. मग महाराजांनीं बगलेचें झाकण काढिलें, आणि प्लग साफ करावा म्हणोन पाना लाविला, आणि प्लग हालेना, मग महाराज इरेस पेटले आणि सर्व अंगाचा जोर केला, आणि कट्ट ऐसा आवाज होवोन प्लगाचें डोकें पान्यासकट हातीं आलें, आणि आट्यांचें लोखंडी कडें इंजिनांतच फसोन राहिलें. आतां महाराजांचे हात गेलीं काहीं वर्षें कापत होते. बशींतला चहा सदऱ्यावर सांडे, तरी दरबारीं त्याचा उच्चार करावयाची चाल नव्हती. महाराजांनीं तुटका प्लग पाहिला, मग आपले हात पाहिले, आणि बोलिले, "संपलं. हात गेले माझे. त्या भंगारवाल्याला फोन कर, संध्याकाळी गाडी घेऊन जा म्हणावं. पान्यांची पेटीही ने म्हणावं." आणि ओट्यावर पाठ फिरवोन बसले.

राणीसाहेबांनीं फोन केला खरा, परंतु मन घेईना. कारण कीं, दसऱ्यास वाहनाची आणि पान्यांची पूजा जाहली म्हणजे प्लगास शकुनाचा एक पीळ द्यावा, ही या घराची रीत, सासऱ्यांपासोन चालत आलेली. महाराजांचे हात कापूं लागले तैसें बाईंचे मनीं आलें, पीळ कच्चा राहिला आणि प्लग रस्त्यांत उडाला तर काय घ्या? म्हणोन महाराज जेवोन पहुडले कीं बाई पदर खोचोन येत आणि आपला एक पीळ गुपचूप वर देत, आणि ऐसें वर्षानुवर्षें चाललें, आणि प्लग तो बिचारा इंजिनाशीं एकजीव जाहला. आतां खरें सांगावें तर महाराजांस कळेल कीं बायकोचा आपले हातांवर भरवसा नव्हता. न सांगावें तर पेटी जाते, आणि पेटी गेली म्हणजे हा माणूस भिंतीकडे पाहात बसावयाचा. बाई फार कष्टी जाहल्या. मग धीर करोन जवळ बसल्या.

"अहो, हात नाही गेले तुमचे. मीच तो आवळून ठेवलाय. दर दसऱ्याला. तुमच्या मागनं."

महाराजांनीं मान वळवोन पाहिलें. बाईंचा जीव टांगणीस लागला. मग महाराजांची मिशी किंचित हालली.

"खांदा शेकतेस ना माझा? तो फडका आण. कढत पाण्यात बुडवून."

मग मोहीम सुरू जाहली. कड्याभोंवतीं रॉकेलचे थेंब सोडिले, आणि राणीसाहेबांनीं कढत फडका इंजिनास लाविला, महाराजांचे खांद्यास लावीत तैशाच मायेनें, आणि महाराजांनीं जुन्या कानशीची मूठ काढोन तिचें निमुळतें चौकोनी टोक ग्रीसानें माखिलें, चुरा आंत पडों नये म्हणोन, आणि तें कड्यांत हलकेंच ठोकोन बसविलें, मग कानस पान्यांत धरिली. राणीसाहेबांनीं पुढें होवोन हिसका द्यावा तों महाराज ओरडले, "अगं ओढू नकोस! आटे गेले तर इंजिनच गेलं!" आणि पाना आपले हातीं घेतला. हात कापूं लागला. बाईंनीं दुसरीकडे पाहिलें, पाहवेना म्हणोन. परंतु तो कंप पान्यांतोन कानशींत गेला आणि कानशींतोन कड्यास गेला, केसभर पुढें, केसभर मागें, केसभर पुढें, आणि कड्याचे कडेनें रॉकेल आंत मुरूं लागलें, आणि जाम कड्यास पाहिजे होतें तें हेंच, जें धडधाकट हातास साधत नाहीं. मग करकर ऐसें वाजलें, आणि कडें फिरलें, आणि आट्यामागोन आटा सोडीत सबंध बाहेर आलें. राणीसाहेब टाळ्या पिटों लागल्या, पदरास काळें लागलें त्याचें भान नाहीं.

महाराजांनीं पेटींतला नवा प्लग बसविला, आपला पीळ दिला, आणि पाना राणीसाहेबांपुढें धरिला.

"घे. तुझा दे."

"आता नाही हो. चुकलं माझं."

"दे गं. मला ठाऊक होतं. दर दसऱ्याला पान्यावरचं कुंकू पुसलेलं असायचं."

"मग बोलला का नाहीत कधी? आणि सकाळी सगळं आपल्यावर घेतलंत ते?"

"तुझ्यावर घालू? माझ्या हाताचा भरवसा मलाच नव्हता, कावेरी. आणि मागे तू बसायचीस."

बाईंस रडें आलें तें आवरेना. मग डोळे पुसोन पीळ दिला, बेताचा.

येणेंप्रमाणें प्लग निघाला आणि आटे शाबूत राहिले. भंगारवाला आला तो चहा पिवोन रद्दी घेवोन गेला. त्या दिवसापासोन महाराजांचे बशींतला चहा सांडला तर राणीसाहेब उघड हंसत, आणि महाराजही हंसत. बहुत काय लिहिणें, राज्य सुखरूप आहे.