वाघ होण्याचं व्रत

बाळांनो, पाय जवळ घ्या, हातात चार अक्षता धरा आणि ऐका. एका जंगलात सगळ्या प्राण्यांना एका खेळाचा नाद लागला होता.

खेळ बसून खेळायचा. मधे सपाट दगड, त्यावर कोळशाने काढलेला नकाशा, आणि फाशांच्या जागी घासलेले चिंचोके. साळूमावशी, म्हणजे अंगभर काट्यांची म्हातारी साळिंदर, गोष्ट सांगायची. पुढे गुहा आहे, आता काय करतोस, असं विचारायची. ज्याने त्याने उत्तर द्यायचं, चिंचोके टाकायचे आणि पडेल ते खरं मानायचं.

खेळात रूप बदलायचा काढा होता. खोटाखोटाच. मी घोट घेतला असं म्हटलं की हवं ते होता यायचं.

थंडी तोंडावर आली होती. यंदा जिंकणाऱ्याला जांभळाची ढोली मिळणार होती. आत सावरीचा कापूस, वारा अजिबात नाही. गोदा उंदरिणीचा जीव त्या ढोलीवर जडला होता. तिच्या पाच पिल्लांचे डोळे अजून उघडायचे होते, आणि मागच्या पौषात तिची दोन पिल्लं गारठून गेली होती.

पहिल्याच दिवशी गोदा म्हणाली, मी वाघ होते. एका घोटात झालीसुद्धा, आणि सगळ्यांच्या पुढे गेली.

जंगलचे खरे वाघ ढाणोजीरावही खेळायला बसले होते. ते गुरगुरले नाहीत. फार समजुतीने बोलले.

"माझं स्वतःचं काही नाही. पण खेळात समतोल हवा. कोणीही उठून वाघ व्हायला लागलं, तर खेळात मजा काय राहिली?"

सगळ्यांना ते पटलं. त्यांच्या पंज्याजवळ बसलेल्यांना जरा लवकर पटलं.

साळूमावशी व्रतवैकल्यांची. तिने रात्रभर जप केला आणि सकाळी नियम सांगितला. रूप जेवढं मोठं, व्रत तेवढं कडक. कोल्हा व्हायचं तर एक दिवस अळणी. अस्वल व्हायचं तर तीन दिवस एकवेळ. वाघ व्हायचं तर सात दिवस दाण्याला तोंड लावायचं नाही, आणि उद्यापनाला अकरा जणांना जेवण. शिवाय घेतलेलं रूप तीन डाव सोडायचं नाही.

म्हणजे बघा, काढा खोटा, रूप खोटं, उपास तेवढा खरा.

गोदा भाविक होती. देवाच्या दारी असंच असतं, म्हणाली.

"आणि लहान व्हायचं असलं तर?" ढाणोजीरावांनी सहज विचारलं.

साळूमावशी हसली. "लहान व्हायला कसलं व्रत? मोठेपण सोडलं, तेच पुण्य."

गोदाने सात दिवस दाणा तोंडात घातला नाही. पिल्लं आटलेल्या दुधाला लुचत राहिली. आठव्या दिवशी तिने साठवलेले सगळे शेंगदाणे काढून अकरा जणांना वाढले. पंगतीला ढाणोजीरावही होते. शेंगदाणे त्यांना आवडत नाहीत, पण प्रसादाला नाही कसं म्हणायचं?

मग यंदाचा शेवटचा खेळ झाला. गुहेत खजिना, दारात नाग. खजिना आणेल तो जिंकला. नागापुढे जायला कोणी तयार नव्हतं. गोदा वाघ झाली. चिंचोके चांगले पडले आणि नाग पळाला.

आता आत जाते, ती म्हणाली. साळूमावशीने नकाशा नीट पाहिला. दार वीतभर होतं. वाघ मावणार नव्हता.

"मग मी परत उंदीर होते, मावशी."

"अजून दोन डाव राहिलेत गं. व्रत मोडेल. इतकं केलंस, आता वाया घालवू नकोस."

"मी उंदीर होतो," ढाणोजीराव म्हणाले.

त्यांना व्रतबित काही लागलं नाही. एक घोट घेतला, गोदाच्या चार वाघपायांमधून आत शिरले आणि खजिना घेऊन आले.

प्राण्यांचे डोळे भरून आले. एवढा मोठा जीव, पण किती लहान झाला, असं जो तो म्हणू लागला. हरिणीने त्यांना ओवाळलं.

ढोली त्यांना मिळाली. ते तीत मावत नव्हते. म्हणून त्यांनी शेपूट आत ठेवली. शेपटीला थंडी फार बाधते, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गोदा साळूमावशीकडे गेली. पुढच्या खेळात मीही उंदीरच होते, त्याला काही लागत नाही ना, असं तिने विचारलं.

साळूमावशीने मायेने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"काही लागत नाही बाई. पण तू मुळातच उंदीर. तू सोडणार काय? त्याचं फळ तुला नाही मिळायचं."

गोदाने नमस्कार केला. परतताना ती जांभळाखालून गेली. ढाणोजीरावांना झोपेत शेपूट हलवायची सवय होती. बराचसा कापूस बाहेर पडला होता. तिने तो तोंडात मावेल तेवढा उचलला. पाच फेऱ्या केल्या.

तात्पर्य: बाळांनो, नेहमी लहान होऊन राहावं, त्यात फार पुण्य आहे. फक्त त्याआधी वाघ असावं.