हौसाबाईचा वारा

एकसष्ट सालच्या चैत्रात, मंगळवारी सकाळी अकरा वाजता, आमच्या खडपेवाडीचा वारा नेव्हीच्या ताब्यात गेला.

जमीन आधीच गेली होती. वर सड्यावर, म्हणजे आमच्या कातळाच्या माळावर, लढाईच्या वेळी गोऱ्यांनी एक धावपट्टी करून ठेवली होती. गोरे गेले, आणि मग पंधरा वर्षं तिच्यावर आमची गुरं रवंथ करत बसायची. नेव्हीनं ती घेतली, डांबर घातलं, तारेचं कुंपण घातलं. मग त्यांच्या लक्षात आलं की विमान उडायला समोरून वारा लागतो, आणि वारा तर गावाच्या नावावर आहे.

रीतसर घेतला हो, चोरला नाही. चावडीवर नोटीस लावली, हरकतीला तीस दिवस दिले, आणि मोबदला म्हणून प्रत्येक खातेदाराला एक टेबलपंखा दिला. गावात वीज आली एकाहत्तर साली. तोवर त्या पंख्यांवर आम्ही पोरांची लंगोटं वाळत घातली.

वारा मोजायला आला होता तो भूमापक सुपारी चघळायचा आणि आम्हा बायकांशी बोलताना एकेक शब्द मोठ्यानं बोलायचा, आम्ही बहिऱ्या असल्यासारखा. मी तेव्हा बावीस वर्षांची. दिवसातून कुणाची तरी फजिती केल्याशिवाय मला जेवण जात नसे. माझ्या अंगणातला वारा त्यानं मोजला, लिहिला. मग पेन्सिलीनं कावळखडकाकडे दाखवून विचारलं, त्या खडकापलीकडे समुद्रावर आहे तो वारा कुणाचा?

तो कुणाचाच नव्हता. मी म्हटलं, हौसाबाईचा.

वय? तीन वर्षं. त्यानं मान वर न करता ‘अज्ञान’ असं लिहिलं आणि पालक म्हणून माझा अंगठा घेतला. मला सही येत होती, पण अंगठा देण्यात जास्त मजा होती. हौसा आमची बकरी. ती तिथंच उभी राहून त्याच्या छत्रीचं टोक खात होती.

मी आठ दिवस हसले. मंगळवारी अकरा वाजेपर्यंत हसले.

माझा धाकटा दीर हरबा त्या दिवशी पहाटे होडी घेऊन गेला होता. शिडाची होडी, सासऱ्यांच्या हातची. त्याचं लग्न होऊन तीन महिने झालेले. निघताना बायकोला, द्वारकीला, म्हणाला, “तांदूळ धुऊन ठेव, आलोच.” येताना कावळखडकाच्या पलीकडे पोचला आणि अकरा वाजले. शीड पडलं. होडी उभी राहिली ती राहिलीच.

आम्ही म्हटलं, वल्ही मारत येईल. पण नेव्हीच्या तळावरून मोठे साहेब स्वतः आले, टोपी काढून ओटीवर बसले आणि नीट समजावून सांगितलं. होडी हलली की तिला वारा लागतो. संपादित क्षेत्रात वारा वापरायचा अधिकार फक्त विमानांना. हरबानं वल्हं मारलं तर गुन्हा, आणि त्याला आणायला दुसरी होडी गेली तर दोन गुन्हे. सासरे म्हणाले, पोहत येऊ दे. साहेब म्हणाले, त्याला आमची हरकत नाही. पण बापाची होडी समुद्रात टाकून पोहत घरी येणारा माणूस आमच्या कुबलांच्या घरात जन्मलेला नाही. हरबानं नांगर टाकला.

साहेब उठता उठता म्हणाले, खडकापर्यंतचाच वारा आम्हाला हवा होता. पुढच्याला मालक नसता तर तो घेताच आला नसता. मालक नसलेली वस्तू संपादित होत नाही. मी चहाच्या कपबश्या उचलून आत गेले.

तळावरची माणसं वाईट नव्हती, हे मी कुणालाही सांगीन. समुद्रावर नजर ठेवायची आणि हरवलेल्यांना शोधायचं, हे त्यांचं काम. एका वादळात पलीकडच्या गावचे अकरा जण त्यांनी तीन दिवस शोधून जिवंत आणले. पण हरबा हरवलेला नव्हता. तो समोर दिसत होता, त्यामुळे त्याला शोधता येईना. मात्र दर शुक्रवारी त्याला डबा टाकायचे. आधी पंख्याची विमानं टाकायची, मग जोराचा आवाज करणारी आली ती टाकायची, पुढे हेलिकॉप्टर. डबा पोचवायला कुणी चुकलं नाही. लढाईच्या दिवसांतही नाही.

वारा नसल्यामुळे हाक पोचत नसे. द्वारकीनं लुगड्यांची खूण ठरवली. दोरीवर हिरवं असलं तर सगळं ठीक, पिवळं असलं तर घरात आजारपण. सासरे गेले तेव्हा तिनं पांढरं घातलं. ते दोरीवर जराही हललं नाही. तिकडे हरबानं होडीतच उभं राहून डोकं भादरलं, ते आम्ही साहेबांच्या दुर्बिणीतून पाहिलं.

हौसाबाईच्या नावचा पंखा मी द्वारकीच्या खोलीत ठेवला. त्याच्या पट्टीवर नाव कोरलेलं होतं. तिनं विचारलं, ही हौसाबाई कोण? मी म्हटलं, माझ्या माहेरची, लांबची. हे मी का म्हटलं, ते मला अजून सांगता येत नाही. थट्टेच्या भरात म्हटलं असतं तर निदान हसू आलं असतं.

अशी साठ-बासष्ट वर्षं गेली. मागच्या वर्षी तळावर नवी विमानं आली. त्यांच्यात माणूस बसत नाही, आणि त्यांना वाराही लागत नाही, जागच्या जागी वर जातात. तेव्हा वारा परत करायचं ठरलं. शाळेत टेबलं मांडली. बारटक्के नावाच्या लेफ्टनंट मॅडम आल्या, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यात, आणि नावं वाचून एकेकाला वारा देऊ लागल्या. मला माझ्या अंगणाचा मिळाला, सूपभर भात वारवून होईल इतका, दररोज. सही केली. शेजारी द्वारकी बसली होती. नवं हिरवं पातळ नेसून आली होती.

मग मॅडमनी वाचलं, “हौसाबाई, वय तीन, अज्ञान. पालक, चंद्रभागा विश्राम कुबल.”

मी उभी राहिले. सांगितलं की मी सही करते. मॅडम म्हणाल्या, आजी, पालकाची सही आता चालणार नाही, हौसाबाई सज्ञान झाल्या असतील. मी म्हटलं, नाही झाल्या, नवव्या वर्षी गेल्या. त्या हळहळल्या. म्हणाल्या, मग वारस लागतील. त्यांना मुलं तर नसतीलच.

“चौदा,” मी म्हटलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “नवव्या वर्षापर्यंत?”

“दरवेळी दोन-दोन.”

त्यांनी ते लिहून घेतलं. मग विचारलं की चौदाही वारस हयात आहेत का. मी एकेकाचं सांगत गेले. तीन देवीच्या जत्रेला, चार लग्नांना, एक माझ्या बाळंतपणात, बाकीचे असेच रविवारी. दोन तळाच्या मेसला दिले होते, साहेबांची बदली झाली तेव्हा. मॅडमनी मेसच्या जुन्या वह्या मागवल्या. नोंद सापडली. वारस संपल्याचा दाखला मग तिथंच झाला. खडकापलीकडचा वारा बेवारस म्हणून सरकारजमा.

द्वारकी इतका वेळ ऐकत होती.

“वयनी,” ती म्हणाली, “हौसा म्हणजे आपली बकरी?”

“होय.”

“मी रोज त्या पंख्याला हात जोडते,” ती म्हणाली. “वाटायचं, कोण बिचारी, आपला वारा देऊन गेली.”

 

तिनं चार महिने माझ्याशी बोलणं टाकलं. पंखा माझ्या ओटीवर आणून ठेवला, पट्टी भिंतीकडे करून. मी मॅडमकडे गेले आणि विचारलं, माझ्या अंगणातला वारा मी कुठंही नेऊन सोडला तर? त्यांनी नियम काढून बघितले. म्हणाल्या, तुमचा वारा, तुमची मर्जी. होडी तुमच्या वाऱ्यानं हलली तर आमच्याशी संबंध नाही.

तेव्हापासून रोज सकाळी मी अंगणातला वारा उशीच्या अभ्र्यात भरते, तोंड आवळून धरते, आणि कावळखडकावर जाते. अभ्रा दाखवला की हरबा नांगर उचलतो. त्याचं मूळचं शीड कधीच कुजलं. डब्यांना असायच्या त्या छोट्या छत्र्या जोडून त्यानं नवं शिवलंय. मी अभ्र्याचं तोंड सोडते. शीड जरासं फुगतं, होडी वीतभर पुढे येते, तो नांगर टाकतो. त्याचे केस पांढरे झालेत. एकदा त्यानं मला हात केला. हौसाचं त्याला माहीत नाही. बकरीसाठी लुगड्याचा रंग आम्ही ठरवलेला नव्हता.

माझ्या अंगणात आता वारा नसतो. भात मी हौसाच्या पंख्यासमोर वारवते.

गणपती झाल्यावर एका सकाळी मागून पावलं वाजली. द्वारकी आपला अभ्रा घेऊन आली होती. तिच्या परसातला वारा माझ्यापेक्षा थोडा जास्त आहे, तिच्याकडे माडांचा आडोसा नाही. तिनं माझ्या शेजारी उभं राहून अभ्र्याचं तोंड सोडलं. त्या दिवशी होडी दोन विती आणि वर चार बोटं आली.

मी बसून हिशेब घातला. मी पंचाऐंशीची, हरबा चौऱ्याऐंशीचा, द्वारकी ऐंशीची. अशाच विती येत गेल्या तर खडकाच्या अलीकडे यायला सात वर्षं आणि काही महिने. अलीकडे आला की वल्हं मारता येईल, अलीकडचा वारा आता गावाचा आहे. हिशेब मी तिला सांगितला नाही. तिनं विचारलाही नाही.

काल खडकावरून परत येताना मात्र ती चालता चालता थांबली. समुद्राकडे बघत म्हणाली, “वयनी, तांदूळ काढू का?”

मी म्हटलं, “धुऊन ठेव.”